नियम कोणी ठरवायचे?



 व्हिडिओ गेमची परिषद म्हटली की पुणे, हैदराबाद, बंगळूर ही नावं पुढे येतात. ती अहिल्यानगरात कशाला, असं काहींनी मला विचारलं. खेळाची जगण्याशी गाठ घालण्याचं काम या जिल्ह्याला नवीन नाही, हे त्यावर माझं उत्तर.

ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली ते नेवासे याच जिल्ह्यातलं. मोक्षपट हा सोंगट्यांचा खेळही ज्ञानेश्वरांनीच रचला, असं परंपरा सांगते. तो कोणी रचला हा वाद अभ्यासकांवर सोपवू. पट मात्र खरे आहेत. डेन्मार्कचे जेकब श्मिट-मॅडसन यांनी पश्चिम भारतातल्या अशा पटांवर २०१९ साली कोपनहेगन विद्यापीठात प्रबंध लिहिला. या पटावर घरांना सद्गुणांची आणि विकारांची नावं असतात. दान पडेल तशी सोंगटी सरकवायची. विकाराच्या घरात सापाने गिळलं की खाली, सद्गुणाची शिडी लाभली की वर, आणि शेवटी मोक्ष. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाच खेळ इंग्लंडच्या बाजारात गेला. पुढे घरांवरची नावं पुसली गेली आणि एक ते शंभर आकडे तेवढे राहिले. आज शाळा, कार्यालयं, बँका आपल्या कामात ‘खेळ आणतात’ तेव्हा बहुतेक वेळा हेच घडतं. गुण, बिल्ले, क्रमवारी सगळं येतं. कशासाठी खेळायचं, ते मागेच राहतं.

याउलट घडलेलं उदाहरण आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. पानी फाउंडेशनची गावागावांतली जलसंधारणाची वॉटर कप स्पर्धा २०१६ साली तीन तालुक्यांत सुरू झाली आणि २०१८ पर्यंत पंचाहत्तर तालुक्यांत पोचली. आधी गावकऱ्यांना प्रशिक्षण, मग ठरलेली मुदत, कामाला गुण आणि जिंकणाऱ्या गावाला बक्षीस. ऐन उन्हाळ्यात माणसं टिकाव-फावडी घेऊन पहाटे चर खोदायला निघाली. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन गट एका बांधावर राबले, कारण आता हरवायचं होतं ते शेजारच्या गावाला. स्पर्धेची ही ताकद नाकारण्यात अर्थ नाही.

पण बक्षीस वाटून झाल्यावर काय? त्यासाठी नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारला जावं. क्रिकेटचं वेड असलेले पोपटराव पवार १९८९ साली तिथे सरपंच झाले. गावाने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, श्रमदान असे नियम स्वतःवर घालून घेतले. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, असंही ठरवलं. पाण्याचा ताळेबंद हा त्यातला सगळ्यात देखणा भाग. पाऊस किती पडला याची नोंद गावातच होते. त्यावरून पाण्याचा हिशेब मांडतात. माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी आधी बाजूला काढतात. उरलेल्यावर कोणती पिकं घ्यायची हे ग्रामसभेत ठरतं. आकडा सगळ्यांसमोर असतो आणि तो पाहून सगळेच आपली पुढची चाल बदलतात. इथे करंडक नाही, तरी डाव चालू आहे. नियम खेळणाऱ्यांनीच केले आहेत, म्हणून.

आपल्या मैदानांवरही हेच चालायचं. डाव मांडण्याआधी भांडून-तंडून नियम ठरत. कुंपणापलीकडे चेंडू गेला तर बाद की चौकार, राज्य कोणावर, कुणाचं धाकटं भावंड लिंबूटिंबू. त्या लहानग्याला खेळात घ्यायचं, पण त्याच्यावर राज्य येऊ द्यायचं नाही, ही तडजोड दहा वर्षांची पोरं करत होती. आज आपल्या गेमच्या धंद्यात त्यासाठी मोठाल्या बैठका भरतात.

फोनवरच्या कित्येक खेळांत मात्र नियम दूरवर कोणीतरी ठरवतं, आणि खेळणाऱ्याने थांबू नये एवढाच त्यांचा हेतू असतो. पैसे लावून खेळायच्या अ‍ॅपांनी खेड्यापाड्यांतली घरं पोखरली. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेला कायदा करून असे खेळ बंद करावे लागले. सरकारवर ही वेळ आणण्यात आपल्या व्यवसायाचाही वाटा आहे, हे इथे स्पष्ट बोललं पाहिजे.

आपल्याकडे गुणवत्तेची वानवा नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली ‘राजी’ हा गेम काढला आणि भारतीय मातीतला खेळ जगभर खेळला गेला. प्रश्न हेतूचा आहे. म्हणून तरुण रचनाकारांना माझ्या तीन विनंत्या आहेत. नियम उघड ठेवा. ते बदलण्याची सोय खेळणाऱ्याला द्या. आणि खेळ सोडून उठणं सोपं करा. शिक्षकांनो, वर्गात गुणांची पाटी लावण्याआधी मुलांना विचारा, नियम काय असावेत. मराठीत असे खेळ घडवायला पैसा लागेल, माणसं लागतील. त्यासाठी विद्यापीठांनी आणि उद्योगांनी पुढे यावं, असं आवाहन मी या व्यासपीठावरून करतो.