कोरोकिंग

  परतवाड्याहून पुढे मेळघाटाचा घाट लागतो आणि कोरकूंची गावं सुरू होतात. आदिवासी भाषा-संस्कृतीच्या परिषदेला याहून जवळचा उंबरठा कुठला?

कोरकू भाषेत माणसाला ‘कोरो’ म्हणतात. माणसं अनेक असली की ‘कोरोकू’. जमातीचं नाव त्यातूनच आलं. पण माणसं दोनच असतील तर ‘कोरोकिंग’. संस्कृतातलं द्विवचन मराठीने केव्हाच टाकलं. कोरकूने आपलं जपलं. अशा खुणांवरूनच तिचं गोत्र कळतं. संथाली, मुंडारी, हो या तिच्या बहिणी थेट झारखंड-ओडिशाकडे नांदतात. ही एकटी इतक्या पश्चिमेला, मराठी, हिंदी आणि गोंडीच्या शेजारात राहिली. २०११ च्या जनगणनेत ७ लाखांहून अधिक लोकांनी ती मातृभाषा म्हणून नोंदवली. संथाली २००३ च्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत गेली. कोरकू अजून बाहेरच आहे.

मेळघाटाचं नाव छापून येतं ते कुपोषणासाठी, नाहीतर वाघासाठी. ही ओळख अपुरी आहे आणि अन्यायाचीही.

कोरकू गावाबाहेर झाडाखाली सागवानी ‘मुंडा’ उभे दिसतात. गेलेल्या माणसांच्या नावाने कोरलेले हे फलक. वर सूर्य-चंद्र, खाली घोडेस्वार, पावसापाण्याने करडं पडलेलं लाकूड. व्याघ्रप्रकल्पातलं गाव उठून दुसरीकडे वसतं, तेव्हा मागे राहिलेल्या पूर्वजांचं काय होतं? हे विचारणारे अभ्यासक हवेत, आणि कोरकूत विचारणारे हवेत. मराठीत प्रश्न केला की उत्तरही मराठीच्या मापाचं येतं.

के. एस. नागराज यांचा कोरकूचं व्याकरण, संहिता आणि शब्दसंग्रह देणारा मोलाचा ग्रंथ १९९९ मध्ये टोकियोत, इंग्रजीत प्रसिद्ध झाला. तशा तोलाचं पुस्तक देवनागरीत, मेळघाटातल्या धारणीच्या पोरांच्या दप्तरात जावं, ही स्वागत समितीची या परिषदेकडे मागणी आहे.

प्रश्नोत्तरं कोरकूतच व्हावीत, म्हणून उद्याचं पहिलं सत्र कोरकूत ठेवलं आहे. भूमका, म्हणजे गावचे पुजारी, आणि गावच्या जाणत्या बाया बोलतील. दुभाष्याची सोय मराठी बोलणाऱ्यांसाठी केली आहे.