बुचातून शिरणारी हवा

ऑस्ट्रेलियातल्या वाइन संशोधन संस्थेनं १९९९ मध्ये क्लेअर खोऱ्यातली एकच पांढरी सेमियाँ वाइन १४ प्रकारच्या बुचा-झाकणांनी बंद करून ठेवली. काही वर्षांत फरक नुसत्या डोळ्यांनाही दिसू लागला. प्लास्टिकच्या बुचांखालची वाइन तपकिरीकडे झुकली, फळांचा गंध उणावला. कारण त्यांतून ऑक्सिजन जास्त झिरपतो आणि वाइनला जपणारा सल्फर डायऑक्साइड लवकर संपतो. फिरकीच्या झाकणाखाली ती ताजी राहिली, पण तिनं किंचित रबरासारखा वास धरला. म्हणजे हवा अगदीच कोंडूनही चालत नाही! नैसर्गिक बूच तर बेभरवशाचं. एकाच पेटीतल्या दोन बाटल्या वेगळ्या निघतात. फिरकीच्या झाकणांतही फरक असतो; आतली चकती बघा: कथिलाची असेल तर हवा जवळपास शिरतच नाही, सारान प्लास्टिकची असेल तर थोडी शिरते.