आकड्याचा वेष आणि आकड्याचे मोल

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्यातील अहमदपूर, निलंगा व उदगीर हे तालुके मुंबई राज्याकडे आणि पुढे १९६० मध्ये महाराष्ट्राकडे गेले. भालकी, औराद हा मुलूख तत्कालीन म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात राहिला. सोयरिकी मात्र सीमेने तोडल्या नाहीत. त्यामुळे आजही एखाद्या मराठी घरात उदगीरकडच्या शेताचा सातबारा आणि भालकीकडच्या शेताची पहाणी असे दोन कागद एकाच पेटीत सापडतात. अशा घरातला शिकलेला मुलगा हे दोन्ही कागद संगणकावर एक्सेलच्या तक्त्यात उतरवू लागला, की त्याला आकड्यांचे एक कोडे पडते.

सातबाऱ्यावरचे क्षेत्र हेक्टर व आर यांत असते. शंभर आर म्हणजे एक हेक्टर; तेव्हा तेथे २.२० हा खराखुरा दशांश अपूर्णांक होय. पहाणीवरचे क्षेत्र एकर व गुंठे यांत असते आणि एकराचे गुंठे चाळीस. येथे दोन एकर वीस गुंठे कोणी २.२० असे लिहिले, तर दिसायला आकडा तोच. पण त्याचे मोल अडीच एकर. त्यात आर आणि गुंठा हे आकाराने जवळजवळ सारखेच, म्हणून घोटाळा अधिकच वाढतो.

एक्सेलमध्ये आकडा कसा दिसावा हे सांगण्यासाठी काही खुणा ठरलेल्या आहेत. त्यांना नमुना-संकेत म्हणता येईल. शून्याची खूण सांगते की ही जागा रिकामी असली तरी शून्याने भरावी. जाळीची खूण सांगते की अंक असेल तर दाखवावा, नसेल तर जागा सोडून द्यावी. हे संकेत दिले नाहीत तर तक्ता २.२० मधले शेवटचे शून्य गाळून २.२ दाखवतो आणि वाचणारा त्याचे दोन एकर दोन गुंठे करतो. दशांश चिन्हापुढे दोन शून्यांचा संकेत दिला की २.२० पुन्हा दिसू लागते. येथे पुष्कळांना वाटते की काम झाले. वास्तविक वेष तेवढा सुधारला. मोल चुकीचेच राहिले.

दोन एकर वीस गुंठे आणि एक एकर तीस गुंठे अशा दोन शेतांची बेरीज घ्या. तक्ता २.२० व १.३० मिळवून ३.५० सांगेल. ते साडेतीन एकर म्हणून वाचले, तर खरे उत्तर सव्वाचार एकर असल्यामुळे कागदावर पाऊण एकर जमीन नाहीशी झाली! भावांच्या वाटणीत तीस गुंठे म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

यावर उपाय असा की आधी मोल नीट ठेवावे. गुंठ्यांना चाळीसने भागून ते एकरांत मिळवावेत. म्हणजे अडीच अधिक पावणेदोन बरोबर सव्वाचार. मग वेषाचा विचार करावा. जाळीची खूण, थोडी जागा, दोन प्रश्नचिन्हे, तिरकी रेघ आणि ४० असा संकेत दिला, तर तोच सव्वाचार एकरांचा आकडा चार पूर्णांक दहा चाळीसांश असा दिसतो. म्हणजे चार एकर दहा गुंठे. आता वेष आणि मोल यांचे जुळले.

तरीही सावधपणा हवाच. गुंठ्याचे आणे सोळा. दहा गुंठे सात आणे असे दोन तुकडे असतील, तर हा संकेत प्रत्येक तुकडा दहा गुंठे दाखवील. बेरीज मात्र एकवीस! तक्ता खोटे बोलत नाही. आणे डोळ्यांपुरते झाकले गेले, आत ते शाबूतच होते.

काही आकडे तर मुळी आकडेच नसतात. गट क्रमांक ७/१२ असा टाइप केला की तक्ता त्याची सात डिसेंबर ही तारीख करून टाकतो, आणि नंतर नमुना बदलला तरी मूळ क्रमांक परत येत नाही. तेव्हा तो रकाना आरंभीच मजकुराचा म्हणून ठरवावा. ही अडचण केवळ आपल्या तलाठ्यांची नव्हे. ‘मार्च १’सारखी जनुकांची नावे तारखा बनू लागल्यामुळे नावे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने अशी काही नावेच बदलली आणि २०२० मध्ये नामकरणाचे नवे नियम प्रसिद्ध केले.

१ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, तेव्हा आठ आणे म्हणजे पन्नास पैसे हे बाजारातल्या प्रत्येकाला शिकावे लागले. ८ हा आकडा जुन्या हिशेबातून उचलून दशांशाच्या घरात तसाच ठेवणारा फसलाच असता. आज संगणकापुढे बसणाऱ्याला तोच धडा पुन्हा गिरवावा लागतो. आकडा कसा दिसतो हे पाहण्याआधी तो कशाचा आहे आणि त्याच्या एका पूर्णाचे भाग किती, हे विचारावे. वेष यंत्र देते. मोल मात्र माणसाने ठरवून द्यावे लागते.