बातमीदार विद्यार्थी आणि अध्यक्षांचे शोधनिबंध



महाविद्यालयीन नियतकालिकाचा बातमीदार म्हटला की डोळ्यांसमोर स्नेहसंमेलनाचा वृत्तान्त, क्रीडास्पर्धांचे निकाल आणि प्राचार्यांचे मनोगत उभे राहते. त्यात गैर काही नाही. पुष्कळ चांगले पत्रकार याच वाटेने घडले आहेत. परंतु ज्या संस्थेत शिकायचे, तिच्या सर्वोच्च अधिकाऱ्याविषयीच शंका घेण्याची वेळ आली तर? अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात २०२२ साली हा प्रश्न थिओ बेकर या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यापुढे उभा राहिला.

विद्यापीठाचे अध्यक्ष, म्हणजे आपल्याकडील कुलगुरूंच्या स्थानी असलेले मार्क टेसिये-लव्हीन हे मेंदूविज्ञानातील नामवंत संशोधक. त्यांच्या काही जुन्या निबंधांतील छायाचित्रांविषयी शास्त्रज्ञांच्या जाहीर चर्चेत कित्येक वर्षे शंका व्यक्त होत होत्या. त्यात गुप्त असे काहीच नव्हते. सर्वांसाठी खुले असलेले ते टिपण बेकरने वाचले आणि तेथून त्याच्या कामाला प्रारंभ झाला.

हे काम कसे चालले, ते मुळातून समजून घेण्याजोगे आहे. पेशींतील प्रथिने वेगळी करून त्यांच्या काळसर पट्ट्या छायाचित्रात दाखविण्याची एक पद्धत जीवशास्त्रात रूढ आहे. प्रत्येक पट्टीची कड आणि भोवतालचे बारीक ठिपके निराळे असतात, जवळजवळ बोटांच्या ठशांसारखे. दोन वेगळ्या प्रयोगांच्या चित्रांत तीच पट्टी ठिपक्यांसकट पुन्हा दिसली, तर शंकेला जागा राहते. पण हे ठरविण्याचा अधिकार प्रथम वर्षाच्या मुलाला कोणी दिला? बेकरला आपली ही मर्यादा पुरती ठाऊक होती. त्याने ती चित्रे अशा तपासणीत आयुष्य घातलेल्या एलिझाबेथ बिक यांच्यासारख्या तज्ज्ञांपुढे ठेवली. एका निबंधाविषयी ‘एम्बो जर्नल’ या संशोधनपत्रिकेकडेच विचारणा केली. आपण त्याची छाननी करीत आहोत, असे पत्रिकेने मान्य केले. विद्यापीठाची बाजू मागविली व छापली. मगच, २९ नोव्हेंबर २०२२ रोजी, ‘स्टॅनफर्ड डेली’त वृत्त आले.

हे पत्र १८९२ पासून विद्यार्थीच चालवितात आणि १९७३ पासून ते विद्यापीठापासून स्वतंत्र आहे. अध्यक्षांच्या अनुदानावर चालणाऱ्या पत्रात हे वृत्त छापून आले असते काय, याचा विचार ज्याने त्याने करावा.

लगोलग विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळाने चौकशी समिती नेमली. समितीतील एका सदस्याच्या संस्थेची गुंतवणूक अध्यक्षांनीच सहसंस्थापित केलेल्या कंपनीत आहे, हे विद्यार्थ्यांच्या पत्राने दाखवून दिले आणि त्या सदस्याला बाजूला व्हावे लागले. फेब्रुवारी २०२३ मध्ये बेकरला पत्रकारितेतील मानाचा पोक पुरस्कार जाहीर झाला. तो मिळविणारा तो सर्वांत लहान पत्रकार ठरला. त्याचे आईवडील दोघेही नामांकित पत्रकार, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. घरी बाळकडू मिळाले होते.

मात्र कथेचा अवघड भाग पुढेच आहे. त्याच फेब्रुवारीत बेकरने आणखी एक वृत्त दिले: २००९ सालच्या अल्झायमरविषयक एका निबंधात बनावट माहिती असल्याचे अध्यक्षांच्या पूर्वीच्या औषध कंपनीतील अंतर्गत छाननीत आढळले होते. आधार होता नाव न सांगणाऱ्या माजी सहकाऱ्यांच्या कथनाचा. कंपनीने इन्कार केला, अध्यक्षांनीही केला. हाती छायाचित्र असणे आणि हाती आठवण असणे यांत अंतर असते. केसरीकारांच्या वाचकांना हे नवे नाही. कोल्हापूरच्या दिवाण बर्वे प्रकरणात छापलेली पत्रे बनावट निघाली आणि टिळक-आगरकरांना १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. हेतू शुद्ध होता. कागद खोटा होता.

जुलै २०२३ मध्ये तज्ज्ञांचा अहवाल आला. १२ निबंधांची तपासणी झाली होती. अध्यक्षांनी स्वतः बनावट केल्याचा पुरावा आढळला नाही. पण त्यांच्या प्रयोगशाळेतील इतरांकडून माहितीत फेरफार झाल्याचे दिसले आणि चुका समोर आल्यावरही त्यांनी त्या निर्णायकपणे दुरुस्त केल्या नाहीत, असा ठपका ठेवण्यात आला. २००९ च्या निबंधाविषयीचा बनावटीचा आरोप मात्र चुकीचा दिसतो, असे तज्ज्ञांनी म्हटले. त्या निबंधात अपेक्षित काटेकोरपणा नव्हता, हेही नोंदविले. नाव गुप्त ठेवण्याची हमी न मिळाल्याने काही साक्षीदार पुढे आले नाहीत, असे विद्यार्थ्यांच्या पत्राचे म्हणणे होते.

१९ जुलै रोजी अध्यक्षांनी पद सोडण्याची घोषणा केली. १९९९ चा एक आणि २००१ चे दोन निबंध मागे घेण्यात आले. त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये २००९ चा वादग्रस्त निबंधही मागे घेतला गेला. टेसिये-लव्हीन प्राध्यापक म्हणून विद्यापीठातच राहिले आणि बेकर पुढच्या वर्गात गेला.