परमुलुखातले बिऱ्हाड

(सुवर्णमहोत्सवानिमित्त इलेक्ट्रॉनिक सिटी येथे भरलेल्या सभासद-मेळाव्यातील भाषण)



'परदेशातील तीन महिने' या विषयावर मी चार शब्द बोलावे, अशी कार्यवाहांची आज्ञा झाली. प्रवासवर्णन करण्याइतका मी हिंडलो नाही. मुलीच्या बिऱ्हाडी राहिलो, भाजी आणली, आणि संध्याकाळी तिची शिकवणी ऐकत बसलो. मला जे सांगावयाचे आहे ते त्या शिकवणीतून निघाले आणि फिरून याच वसाहतीत येऊन पोहोचले.

माझी कन्या स्वतंत्रपणे संगणकाचे काम करते. तिची गिऱ्हाइके पुण्यात आणि बेंगळूरूत, ती स्वतः स्पेनमधील वलेन्सिया शहरात. स्पेनने डिसेंबर २०२२ मध्ये कायदा करून अशा मंडळींस दार उघडले. काम परदेशासाठी करावे, स्पेनमधील गिऱ्हाइकांचे काम एकूण कामाच्या पंचमांशाहून अधिक नसावे, आणि मिळकत तेथील किमान वेतनाच्या निदान दुप्पट असावी, अशा त्याच्या मुख्य अटी. अशा लोकांना 'डिजिटल नोमॅड' म्हणतात. आपली वृत्तपत्रे 'डिजिटल भटके' असे लिहितात. मला तो शब्द खटकतो. आपल्याकडे भटके म्हणजे ज्यांना गावाबाहेर पाल ठोकावे लागे, आणि ज्यांच्यातील कित्येकांच्या मागे १८७१ पासून गुन्हेगार जमाती कायद्याचा ससेमिरा लागला, ते लोक. व्हिसा खिशात घालून निघणाऱ्याने तो शब्द घेताना थोडा संकोच बाळगावा. असो.

हिवाळ्यात तेथील घड्याळ आपल्याहून साडेचार तास मागे असते. इथे साडेनऊ वाजत तेव्हा तिच्याकडे पहाटेचे पाच. ती अंधारात उठून कामास बसे आणि दुपारी दीडला मोकळी होई. पडद्यावर दिवसभर मराठी, इंग्रजी आणि कन्नड. पहिले दोन महिने आपण स्पेनमध्ये आहोत हे आपल्याला केवळ भाडे भरताना जाणवे, असे ती म्हणाली. पुढे तिने ठरविले की बाजारात जाताना फोन घरी ठेवावयाचा, आणि खालच्या मजल्यावरील एका निवृत्त शिक्षिकाबाईंकडून रोज तासभर शिकावयाचे.

त्या तासाला मीही कोपऱ्यात बसू लागलो. मला वाटले होते की ही भाषा आपल्याला सर्वस्वी परकी असणार. परंतु त्यांचे 'त' आणि 'द' आपल्यासारखेच दंत्य. इंग्रजीसारखी जीभ टाळूकडे न्यावी लागत नाही. 'मला कॉफी आवडते' याला ते 'मे गुस्ता एल काफे' म्हणतात, आणि पुस्तके अनेक झाली की 'मे गुस्तान'. म्हणजे क्रियापद आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे बदलते आणि माणूस चतुर्थीत राहतो, अगदी आपल्यासारखाच! मुलगी म्हणाली, "बाबा, कन्नडमध्येही 'ननगे कॉफी इष्ट' असेच आहे ना!" मी मान हलविली. खरे म्हणजे मला ते ठाऊक नव्हते.

आपल्या एका 'आहे'ला मात्र त्यांच्याकडे दोन क्रियापदे आहेत. 'मी अमक्या गावचा आहे' याला 'सोय दे', आणि 'मी अमक्या गावी आहे' याला 'एस्तोय एन'. बाईंनी मला विचारले, तुम्ही बेंगळूरूत किती वर्षे आहात? मी म्हणालो, चाळीस. मग 'सोय' म्हणा, असे त्या म्हणाल्या, आणि कौतुकाने पुढे विचारते झाल्या की तुमच्या गावची भाषा कशी असते, एखादे वाक्य म्हणून दाखवा. मला जे एकमेव वाक्य निश्चित येत होते ते मी म्हटले : "कन्नड गोत्तिल्ल." मुलीने त्याचा अर्थ सांगितला, 'मला कन्नड येत नाही.' बाईंना तो विनोद वाटला. त्या मनमोकळ्या हसल्या. आम्ही दोघे हसलो नाही.

मी मूळचा वर्ध्याचा. त्या रात्री मी मुलीला आमच्या गावच्या पांडुरंग सदाशिव खानखोजे यांची हकीकत सांगितली. १८८४ साली वर्ध्यास जन्मलेला हा क्रांतिकारक अमेरिकेत शेतकी शिकला, गदर चळवळीत उतरला, आणि स्वदेशाची वाट इंग्रजांनी बंद केल्यावर १९२४ साली मेक्सिकोत गेला. तेथे चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिशाळेत त्यांनी अध्यापन केले, मक्यावर संशोधन केले, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा काढल्या. दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराने आपल्या भित्तिचित्रात त्यांना स्थान दिले. स्वातंत्र्यानंतर ते मायदेशी परतले. १९६७ साली नागपुरात वारले. मी अभिमानाने सांगत होतो. मुलगी म्हणाली, "त्यांच्यापुढे शेतकरी बसलेले असायचे, बाबा. माझ्यापुढे पडदा असतो. मला स्पॅनिश आली नाही तरी माझे काहीच अडत नाही, हीच माझी अडचण आहे."

हे वाक्य घेऊन मी परत आलो.

ही वसाहत १९७८ साली केओनिक्स या सरकारी महामंडळाने कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या ३३२ एकरांवर वसविली. रा. कृ. बाळिगा यांचे ते स्वप्न. मी १९८५ साली येथील एका उपकरणांच्या कारखान्यात रुजू झालो, तेव्हा कारखान्याची बस चुकली की दिवस बुडाला असे समजत. आज डोक्यावरून उड्डाणमार्ग गेला आहे आणि २०२५ च्या ऑगस्टपासून मेट्रोही धावते. त्या काळी माझ्यासारख्या एकट्या तरुणाला या मंडळाने घर दिले. गणेशोत्सव, दिवाळी अंक, कोजागिरी. ते ऋण मी नाकारीत नाही. परंतु आपल्या वाचनालयात द. रा. बेंद्रे यांची तसबीर आहे. मातृभाषा मराठी, आणि 'नाकु तंती' या कन्नड काव्यसंग्रहासाठी १९७३ चे ज्ञानपीठ. त्या तसबिरीखाली बसून मी वीस वर्षे फक्त मराठी अंक वाचले आणि बेंद्रे आपले म्हणून मिरविले.

आता जे सांगतो ते आजवर कोठे बोललो नाही. आमच्याकडे अठरा वर्षे एक बाई कामाला होत्या. आम्ही त्यांना अक्का म्हणत असू. (हा शब्दही मराठीने कन्नडकडूनच घेतलेला.) त्यांचे यजमान अपघातात गेले तेव्हा मी दोड्डतोगूरला त्यांच्या घरी गेलो. अंगणात माणसे बसली होती. अक्का बाहेर आल्या, आणि मला एक शब्द सापडेना. मी हात जोडून उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले. काही बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. शेवटी माझ्या बारा वर्षांच्या मुलीने पुढे होऊन त्यांचा हात धरला आणि जे बोलावयाचे ते ती बोलली. ती काय बोलली हे मी तिला कधी विचारले नाही. घरी येताना मी स्वतःची समजूत घातली की दुःखाला भाषा लागत नाही. ते खोटे होते. अक्कांना त्या दिवशी ती लागत होती.

स्पेनहून आल्यावर मी कन्नडची बाराखडी गिरवू लागलो. सदुसष्टाव्या वर्षी जीभ वळत नाही, मुले हसतात, हसोत. कार्यकारी मंडळास माझी एवढीच विनंती आहे की वाचनालयाची खोली मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी तासभर कन्नडच्या वर्गासाठी मिळावी. शिकविण्यास शेजारच्या शाळेतील एक निवृत्त गुरुजी तयार आहेत. तूर्त विद्यार्थी आम्ही तिघेच.

गेल्या महिन्यात मी अक्कांकडे गेलो. आता त्या नातवंडांजवळ राहतात, दृष्टी मंद झाली आहे. यजमानांविषयी दोन वाक्ये मी आठवडाभर घोकली होती, ती म्हटली. अक्का काही वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी दुसऱ्या वाक्यातील क्रियापद दुरुस्त केले, ते माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतले, आणि भिंतीचा आधार घेत कॉफी ठेवावयास आत गेल्या.