सही आपली, तर मशीनची निवडही आपली

(मुक्ताईनगर येथे बचतगटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजचा विषय ऐकून काहीजणींना वाटलं असेल की ही बाई चुकून भलत्याच सभेत आली. शिवणयंत्र, पिठाची गिरणी, पापड-लोणची याबद्दल आपण पुष्कळ बोललो. आज मी बोलणार आहे ईडीएम मशीनबद्दल. वर्कशॉपमध्ये तिला नुसतं ‘स्पार्क मशीन’ म्हणतात. मी एम.एस.डब्ल्यू. केलेली, इंजिनिअर नाही. पण गेली काही वर्षं कर्जाच्या कागदांवर सह्या करणाऱ्या बायकांबरोबर काम करते, आणि त्या कागदांनीच मला या मशीनपर्यंत आणलं.

आपल्या भागात केळी ठिबकवर आहे. ठिबकचा ड्रिपर, जोडणीचे छोटे तुकडे, झाकणं हे सगळं प्लास्टिक साच्यात ओतून होतं. जळगावच्या एमआयडीसीत पाईप, चटया, ठिबकचे सुटे भाग बनतात. या कामाला पोलादी साचे लागतात, ते झिजतात, दुरुस्त करावे लागतात. कडक केलेल्या पोलादात बारीक खाच, आतला काटकोनी कोपरा, खोल खळगा साध्या हत्याराने नीट निघत नाही. तिथे स्पार्क मशीन लागते. म्हणून लहान वर्कशॉपवाल्याला ती घ्यावीशी वाटते, आणि कर्ज काढायची वेळ आली की घरातल्या बाईची आठवण होते.

का होते, ते सांगते. २००८ साली सुरू झालेल्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातल्या स्त्रीला ३५ टक्क्यांपर्यंत अनुदान आणि स्वतःचा वाटा ५ टक्के ठेवला गेला. सर्वसाधारण गटातल्या पुरुषाला २५ टक्के अनुदान आणि वाटा १० टक्के. हेतू चांगला होता. पण कितीतरी घरांत अर्ज तिच्या नावाने, मालकी तिच्या नावाने, कर्ज तिच्या नावाने, आणि मशीन, गिऱ्हाईक, पैसा त्याच्या हातात. तिला विचारावं तर म्हणते, “ताई, त्यातलं मले काय समजते?”

एकल मालकीच्या धंद्यात कर्ज बुडालं तर जबाबदारी मालकाच्या खासगी मालमत्तेपर्यंत येते. म्हणजे तिच्यावर. जिला फेडावं लागणार तिला समजलंच पाहिजे. आणि समजण्यासारखं आहे.

ही मशीन धार लावून कापत नाही. तांब्याचा किंवा ग्रॅफाइटचा इलेक्ट्रोड हव्या त्या आकाराचा करायचा, म्हणजे खळग्याचा ठसाच. पोलादाचा जॉब तेलाच्या टाकीत बुडवायचा. इलेक्ट्रोड जवळ न्यायचा, टेकवायचा नाही. मधल्या केसाएवढ्या फटीत सेकंदाला हजारो ठिणग्या उडतात आणि प्रत्येक ठिणगी पोलादाचा एक कण वितळवून उडवते. पोलाद किती कडक आहे, याने फरक पडत नाही. ही रीत १९४३ साली मॉस्कोत बोरिस आणि नताल्या लाझारेंको या नवरा-बायकोने शोधली. ठिणग्यांनी विजेचे संपर्कबिंदू झिजतात, ती झीज थांबवायचा अभ्यास ते करत होते. झीज थांबेना, तेव्हा तिलाच त्यांनी कामाला लावलं. शोधात बाई होती, मशीनपाशी मात्र बाई दिसत नाही.

आता मशीन निवडायची कशी? दुकानात जाण्याआधी घरी बसून चार गोष्टी लिहून काढा.

पहिली, काम कोणतं. आरपार कापायचं असेल तर तारेची मशीन वेगळी असते. खळगा करायचा, तुटलेला टॅप काढायचा, तर ही. महिन्यातून दोनच जॉब असतील तर दुसऱ्याकडून करून घेणं स्वस्त.

दुसरी, आकार. आपल्याकडे येणारा सगळ्यात मोठा साचा मोजा, त्याचं वजन करा. तो टाकीत मावून वर तेल उरलं पाहिजे. टेबलाने वजन पेललं पाहिजे. साचा उचलायला साखळीची कप्पी लागेल, तिचा खर्च त्याच कर्जात धरा. ‘बायकांना वजन झेपत नाही’ म्हणणाऱ्यांची कंबरही कप्पी नसल्यानेच जाते.

तिसरी, झेडएनसी की सीएनसी. झेडएनसीत इलेक्ट्रोडची वर-खाली हालचाल मशीन सांभाळते, आडवं-उभं सेटिंग हाताने करायचं. सीएनसीत तिन्ही दिशा प्रोग्रॅमवर चालतात, किंमत बरीच जास्त. सुट्या दुरुस्तीच्या कामाला झेडएनसी पुरते. एकसारखे अनेक खळगे रोज करायचे असतील तर सीएनसीचा विचार करा.

चौथी, अँपिअर. विक्रेता सांगेल, पन्नासची घ्या, काम झपाट्याने होईल. ढोबळ नियम असा की इलेक्ट्रोडच्या तोंडाच्या दर चौरस सेंटिमीटरला साधारण १० अँपिअर झेपतात. ड्रिपरएवढ्या लहान कामाला दोन चौरस सेंटिमीटरचा इलेक्ट्रोड असेल तर २० च्या वर जाताच येत नाही. उरलेल्या ३० अँपिअरचा हप्ता मात्र भरावा लागतो. शिवाय जास्त करंटने पृष्ठभाग खडबडीत होतो आणि तो साफ करायला वेळ जातो.

यानंतर डेमो. विक्रेत्याचा नमुना बघून येऊ नका. आपला जॉब, आपला इलेक्ट्रोड घेऊन जा. वेळ घड्याळात बघा, इलेक्ट्रोड किती झिजला ते मोजा. पुण्यात अशा मशीन बनतात. दुरुस्तीला माणूस कुठून येतो, किती दिवसांत येतो, सुटे भाग कुठे मिळतात, हे लेखी मागा. जुनी मशीन घेत असाल तर चालू करून पूर्ण एक जॉब काढल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ठिणगी आणि तेल एकत्र म्हणजे आग. ठिणगी तेलाच्या खोल पोटात असेल तोवर धोका कमी. पातळी खाली गेली, की पेट घेऊ शकते. म्हणून पातळी उतरताच मशीन बंद करणारा फ्लोट स्विच हवाच, आग ओळखून विझवणारी यंत्रणा हवी, धूर ओढणारा पंखा हवा. रॉकेल वापरून पैसे वाचवायचे नाहीत, ते लवकर पेटतं. त्या कामासाठीचंच तेल घ्या. हातात मोजे घाला, तेलाने कातडीला खाज सुटते, चट्टे येतात. चालू मशीनच्या इलेक्ट्रोडला हात लावायचा नाही. गाळ आणि जुनं तेल नाल्यात किंवा शेतात ओतायचं नाही.

हे बाईला वेगळं का सांगायचं? एक जॉब सहा-आठ तास चालतो. शेड घराला लागून असते. रात्री कामगार घरी जातो, नवरा झोपतो, आणि बाईला सांगितलं जातं, “जरा लक्ष ठेव.” एकीकडे चुलीवरचं, एकीकडे टाकी. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ६६ ने स्त्रियांना संध्याकाळी ७ ते सकाळी ६ कारखान्यात कामाला मनाई केली होती. २००० साली मद्रास उच्च न्यायालयाने ती तरतूद घटनाबाह्य ठरवली. २०२० च्या संहितेने स्त्रीची संमती आणि सुरक्षिततेच्या अटींवर रात्रीचं काम मान्य केलं. म्हणजे पगाराची रात्रपाळी इतकी वर्षं बंद होती, घरच्या शेडमधली बिनपगारी रात्रपाळी मात्र कोणी अडवली नाही! तिला ना मजुरी, ना शिक्षण, ना आग विझवायचं नळकांडं.

हिशेबही असाच होतो. समजा महिन्याचा हप्ता १८,००० रुपये, जागा व वीज ९,०००, तेल-फिल्टर-तांबं ५,०००, आणि नवरा-बायकोची मजुरी प्रत्येकी १२,०००. एकूण ५६,०००. मशीन २०० तास चालली तर तासाला २८० रुपये पडतात. गिऱ्हाईक दर पाडून मागतं, तेव्हा पहिली कोणाची मजुरी खोडली जाते? बाईची. मग हिशेब तासाला २२० वर येतो आणि ‘परवडतं’ असं म्हणतात. ती ६० रुपयांची स्वस्ताई तिच्या घामाची आहे. काम निम्मंच आलं तर हप्ता कमी होत नाही, हेही आधीच मांडून बघा.

चांगदेव आपल्याच तालुक्यातलं गाव. चौदाशे वर्षांचा म्हणवणारा योगी मुक्ताबाईचा शिष्य झाला, ही कथा आपण अभिमानाने सांगतो. आणि घरातल्या बाईने मशीनबद्दल दोन प्रश्न विचारले तर मात्र हसतो.

म्हणून गटांनी तीन गोष्टी कराव्यात. कोणाच्याही नावाने मशीनसाठी कर्ज निघत असेल तर अनुदानाचे चालू नियम जिल्हा उद्योग केंद्रात स्वतः विचारावेत आणि डेमोला दोघी-तिघींनी बरोबर जावं. सहीपूर्वी बँकेचं खातं कोण चालवणार, मजुरी किती, हे लिहून घ्यावं. आणि आयटीआयत नाव घालणाऱ्या मुलींना शिवणकामाबरोबरच टर्नर, मशिनिस्ट, टूल अँड डाय हे ट्रेडही दाखवावेत. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये साच्यांचं पुढचं शिक्षण मिळतं. तिथे जाऊ पाहणारी एक मुलगी जरी आपल्या गटाच्या घरातून निघाली, तरी पुढच्या वेळी मशीन निवडताना आपल्याला विक्रेत्याच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही.

आता प्रश्न विचारा. कोणताही प्रश्न बावळट नसतो.