पहिला फवारा शाळेतच मिळावा



 परिषदेच्या स्वागताध्यक्षाने आपल्या भागाची थोरवी सांगावी, असा रिवाज आहे. आमच्या गोवंडीची थोरवी चेंबूर सुटल्यावर गाडीच्या दारातच आपल्या नाकाला कळली असेल. देवनारचं कचऱ्याचं डम्पिंग १९२७ पासून आमच्या शेजाराला आहे. २०१६ च्या जानेवारीत ते पेटलं आणि धूर शहरभर गेला, म्हणून बातमी झाली. एरवी तो आमच्या शिवाजीनगर-बैंगनवाडीच्या वाट्याला येतो. महापालिकेच्या २००९ च्या मानव विकास अहवालात आमचा एम पूर्व विभाग सगळ्यांत तळाला होता.

इथल्या मुलांच्या छातीत घरघर का, हे कळायला तज्ज्ञ लागत नाही. बाहेर धूर, घरात ओल, झुरळं आणि रात्रभर जळणारी डासांची कॉइल. पण दमा टॉवरमधल्या मुलांनाही होतो. खरी तफावत दिसते ती धाप लागल्यानंतरच्या दहा मिनिटांत. मोठ्या फीच्या शाळेत नर्स असते, दप्तरात दम्याचा पंप, म्हणजे इनहेलर, असतो. आमच्याकडे प्रथमोपचाराच्या पेटीत कापूस, पट्टी आणि टिंक्चर आयोडीन. बाई पाणी पाजतात, पाठ चोळतात, घरी फोन लावतात. आई धुण्याभांड्यांच्या कामावर, फोन पिशवीत. पंप असलाच तर घरी, फळीवर. मुलीचा तर लपवलेला, कारण पुढे स्थळं यायची नाहीत! शिवाय ‘पंपाची सवय लागते’ हे शेजारणीचं मत डॉक्टरांच्या चिठ्ठीपेक्षा वरचढ. जगातले साधारण १३ टक्के दमेकरी भारतात आहेत. दम्याने होणाऱ्या मृत्यूंत मात्र आपला वाटा ४० टक्क्यांच्या वर, असा जागतिक व्याधिभार अभ्यासाचा अंदाज आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत दमा आहे, हे मान्य. पण त्याचं पथक शाळेत वर्षातून एकदा येतं. ते जुलैत तपासून गेलं आणि पोराला धाप नोव्हेंबरात लागली, तर वर्गात बाईच असतात.

म्हणून या परिषदेकडे माझं मागणं एकच. प्रत्येक शाळेत सालब्युटामोलचा एक पंप असावा, तो कपाटात कुलूपबंद नसावा आणि तो कसा द्यायचा हे डॉक्टरांनी बाईंना शिकवून, लिहून द्यावं. एका पंपात साधारण २०० फवारे असतात. एकच पंप सगळ्यांच्या तोंडाला कसा लावायचा, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर केपटाऊनच्या डॉ. हेदर झार यांच्या चमूने १९९९ मध्येच दिलं. अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीच्या तळाला पंपाच्या मापाचं भोक पाडायचं, फट गोंदाने बुजवायची, बाटलीचं तोंड मुलाच्या ओठांत. एकेक फवारा, दर फवाऱ्याला चार-पाच संथ श्वास. विकतच्या स्पेसरइतकंच, म्हणजे पंपाला जोडायच्या नळकांड्याइतकंच, काम होतं. पंप शाळेचा, बाटली ज्याची त्याची.

आणि शिक्षकांना हात जोडून सांगतो, दमेकरी पोराला पीटीच्या तासाला सावलीत बसवू नका. रोजचं औषध नीट चालू असलं की तो धावतो. बंद करायचं तर मुलं वर्गात असताना कोरडी झाडू मारणं बंद करा.

जेवणाची सोय मागच्या मांडवात आहे. दुपारच्या सत्रात परिचारिका बाटल्यांचं प्रात्यक्षिक दाखवणार आहेत. तेव्हा पाण्याच्या रिकाम्या बाटल्या कृपया टाकू नका, आपापली जवळच ठेवा.